लाँगवॉलचे सपोर्ट आणि छत कुठे मोडायचं याचा हिशेब

लाँगवॉल, म्हणजे जमिनीखालचा कोळसा एका लांब भिंतीवरून सलग कापत जायची पद्धत, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर आधी शिअरर येतो. कोळशाच्या भिंतीवरून दात फिरवत जाणारं ते भलंमोठं मशीन, व्हिडिओपण सगळे त्याचेच. पण फेसवर काम केलेल्या कुणालाही विचारा, झोप उडते ती शिअररमुळे नाही. शिअरर बंद पडला तर उत्पादन बंद, शिव्या खायच्या, दुरुस्त करायचा, चालू. छत बिघडलं तर मात्र फेस आठवडेच्या आठवडे उभा राहतो, आणि तो परत चालू करायला जी माणसं पुढे जातात ती नेमकी सगळ्यात वाईट जागी उभी असतात. म्हणून आज सपोर्टवर, म्हणजे फेसवरचं छत धरणाऱ्या टेकूंवर, लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन मांडणी सांगतो. कोळशाच्या थरात दोन समांतर बोगदे, म्हणजे गेट रोड, काढायचे, मध्ये दीडशे ते चारशे मीटर अंतर, आणि लांबीला दोन-तीन किलोमीटरसुद्धा असू शकतात. टोकाला दोन्ही जोडले की मधे कोळशाची एक लांब भिंत मिळते, तो फेस. शिअरर त्या भिंतीवरून जाऊन ८० सेंटीमीटर ते एक मीटर जाडीची चकती काढतो, कोळसा खालच्या चेन कन्व्हेयरवर पडतो, आणि त्या कन्व्हेयरच्या मागे खांद्याला खांदा लावून सपोर्टची रांग उभी असते. फेस ३०० मीटर आणि सपोर्ट दोन मीटर रुंद धरला तर १५० सपोर्ट. चकती निघाली की कन्व्हेयर पुढे, सपोर्ट पुढे, आणि सपोर्टच्या मागचं छत पाडून द्यायचं. त्या पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. चुकून पडत नाही ते, पडायलाच पाहिजे. पडलं नाही तर खरी पंचाईत.

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो की सपोर्ट डोंगर उचलून धरतो. साधं गणित करा. खाण ३०० मीटर खोल आहे, खडक घनमीटरला साधारण अडीच टन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ७५० टन. आताचा सपोर्ट म्हणजे शील्ड, तिची कॅनोपी (छताला टेकणारा वरचा भाग) सात-आठ चौरस मीटरची असेल तर तिच्या डोक्यावर पाच-सहा हजार टन झाले, आणि शील्डची ताकद असते हजार-बाराशे टन. म्हणजे ते वजन शील्ड घेतच नाही, घेऊच शकत नाही. ते वजन पुढच्या कोळशात जातं, बाजूला सोडलेल्या कोळशाच्या पिलरमध्ये जातं, आणि बरंच मागे गेल्यावर गोफचा मलबा दाबला गेला की त्यावर बसतं. शील्डच्या वाट्याला येतात फक्त खालचे सुटलेले थर. आणि त्याचं खरं काम काय तर हे थर कुठे मोडतील ते ठरवणं. फेसच्या डोक्यावर मोडायचे नाहीत, कॅनोपीच्या मागच्या कडेला मोडायचे. ती ब्रेकिंग लाइन तीन-चार मीटर पुढे सरकली की सगळा खेळ खलास.

किती थर सुटतील याचाही एक ढोबळ हिशेब आहे. खडक पडून तुटला की फुगतो, म्हणजे मलबा मूळ खडकापेक्षा जास्त जागा घेतो. तीन मीटर कोळसा काढला आणि खडक ३० टक्के फुगतो असं धरलं, तर दहा मीटर उंचीपर्यंतचं छत पडलं की पोकळी भरते आणि वरच्याला खालून टेकू मिळतो. दहा मीटर गुणिले अडीच टन, चौरस मीटरला २५ टन. फेसपासून कॅनोपीच्या शेपटीपर्यंत सहा मीटर, सपोर्ट पावणेदोन मीटर रुंद, गुणाकार करा, २६० टनांच्या आसपास येतं. मग हजार टनी शील्ड कशाला घेतात लोक? पैसे जास्त झालेत म्हणून नाही. छत दरवेळी इतकं शहाण्यासारखं पडत नाही म्हणून. त्यावर पुढे येतो.

आधी थोडं मागे जाऊ, कारण जुन्या पद्धतीतली अक्कल कळल्याशिवाय नव्या मशीनमध्ये काय भरलंय ते कळत नाही.

पहिलं म्हणजे लाकूड. लाकडी प्रॉप (उभा टेकू), वर एक फळी किंवा बार, आणि जास्त भार असेल तिथे ओंडके आडवे-उभे रचून केलेला चॉक. लाकडाचा मोठा गुण असा की ते मोडायच्या आधी करकरतं, इशारा देतं, आणि जुनी माणसं लोखंड आल्यावर कुरकुरली ती याच कारणाने, त्यांना कारण नसताना जुनाट म्हणणं मला पटत नाही. दुसरं असं की लाँगवॉलवरच्या प्रॉपचा बुंधा मुद्दाम निमुळता तासायचे. का? तर भार आला की ते निमुळतं टोक आधी पिचतं, चिंबतं, प्रॉप हळूहळू आखूड होतो पण मधून मोडत नाही. म्हणजे छत थोडंथोडं खाली येणारच, ते थांबवायचं नाही, येऊ द्यायचं पण सावकाश, आणि येत असताना दाब सोडायचा नाही, ही गोष्ट कुऱ्हाडीने काम करणाऱ्याला माहीत होती. नंतरचे इंजिनियर हेच स्टीलमध्ये करत बसले.

मग आले स्टीलचे फ्रिक्शन प्रॉप. एका नळीत दुसरी नळी, मध्ये पाचर, हातोड्याने ठोकून घट्ट करायची. कल्पना चांगली पण प्रत्येक प्रॉपची ताकद ठोकणाऱ्याच्या हातावर. एक प्रॉप करकचून आवळलेला, शेजारचा ढिला, मग सगळा भार कडकवाल्यावर जातो, तो घसरतो किंवा वाकतो, मग पुढचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये डाउटी कंपनीने हायड्रॉलिक प्रॉप आणला, आणि मजा म्हणजे ही कंपनी मूळची विमानाच्या चाकांचे गिअर बनवणारी. विमान उतरताना धक्का पोटात घेणारा पाय आणि खाणीत छताचा भार पोटात घेणारा पाय, तंत्र एकच. आत तेल, हाताने पंप मारून छताला लावायचा, आणि ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की यील्ड व्हॉल्व्ह थोडं तेल सोडतो, प्रॉप थोडा बसतो, पण भार तेवढाच धरून ठेवतो. सगळे प्रॉप एकाच आकड्याला बसणार. ही समानता फार मोठी गोष्ट होती.

याच काळात एकमेकांना बिजागरीने जोडता येणारे लिंक बार आले. बार पुढे छज्जासारखा काढायचा आणि प्रॉप मागे ठेवायचा, म्हणजे फेस आणि प्रॉपच्या पहिल्या रांगेमध्ये मोकळी पट्टी मिळते, तिच्यात कन्व्हेयर आणि कटिंग मशीन बसतं. ही मोकळी पट्टी मिळाली नसती तर ५० च्या दशकात आलेला अँडर्टनचा शिअरर चालवायचा कुठे हाच प्रश्न होता. सपोर्ट सुधारला म्हणून मशीन आलं, उलटं नाही, हे लोक विसरतात.

पण सगळ्यात जीवघेणं काम तसंच राहिलं, मागच्या रांगेचे प्रॉप काढायचं. प्रॉप काढला की छत पडणार हे माहीत असताना तो काढायचा. त्यासाठी सिल्वेस्टर नावाचं साखळी ओढायचं अवजार होतं, लांब उभं राहून खेचायचं. तरी माणसं मेली, बरीच मेली. पॉवर्ड सपोर्टने जर कुठला एक उपकार केला असेल तर हे काम संपवलं.

पॉवर्ड सपोर्ट म्हणजे सपोर्ट स्वतःच चालतो. ५० च्या दशकातले पहिले म्हणजे चॉक, एक जड बेस, वर कॅनोपी, मध्ये चार-सहा उभे हायड्रॉलिक पाय, आणि कन्व्हेयरला जोडलेला एक रॅम. पाय उतरवा, रॅमने स्वतःला पुढे ओढा, पाय परत लावा. उभा भार छान घ्यायचे पण दोन भानगडी. छत आडवं सरकलं की उभे पाय तिरपे व्हायचे, आणि मागून गोफचा मलबा पायांमध्ये घुसायचा. त्यावर उत्तर म्हणून शील्ड आली, सोव्हिएत युनियन आणि हंगेरीकडे आधी, मग ७० च्या दशकात सगळीकडे पसरली. मागे तिरपी भक्कम ढाल, मलबा आत येणारच नाही. सुरुवातीच्या शील्डची ढाल एकाच पिनवर फिरायची, त्यामुळे उंची बदलली की कॅनोपीचं टोक गोल कमानीत पुढे-मागे जायचं, फेसपासूनचं अंतर बदलायचं. मग चार दांड्यांची लेम्निस्केट जोडणी आली, तिच्यामुळे टोक जवळपास सरळ वर-खाली होतं. छोटी गोष्ट वाटते ना? टोक आणि फेस यातली फट ही फेसवरची सगळ्यात नाजूक जागा आहे. तिथे खाली काहीच नसतं. फट ३० सेंटीमीटरची एक मीटर झाली की तिथलं ठिसूळ छत गळायला लागतं, वर पोकळी होते, आणि कॅनोपीच्या वर छतच नसेल तर शील्ड दाब देणार कुणाला? हवेत उभी राहते. मग शेजारची पण, मग त्याच्या शेजारची. उंच फेसवर कोळशाची भिंतच ढासळते आणि फट आपोआप वाढते, म्हणून कॅनोपीच्या टोकाला फेस स्प्रॅग असतात, कोळशाला समोरून दाबून धरणारे.

पोकळी झालीच तर मग फोम किंवा रेझिन भरा, पुढे पाईप ठोका, कॅनोपीवर लाकूड रचा, जे जमेल ते. सगळ्यात चांगला उपाय मात्र एकच, फेस चालता ठेवणं. थांबलेला फेस बिघडतो. सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला छत कसं वागतंय ते बघितलं की हे कुणी वेगळं सांगायची गरज नाही राहत.

दोन पायांची शील्ड बरी की चार पायांची, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत दोन पायवाली. पाय पुढे झुकलेले असतात म्हणून कॅनोपी छताला वर दाबताना फेसकडेही ढकलते, तुटलेले खालचे थर एकमेकांत आवळून राहतात. चार पायांच्या चॉक-शील्डमध्ये पुढे पोकळी असली किंवा मागे मलबा सैल असला की पायांच्या दोन जोड्यांत भार वाटून जात नाही, कागदावर चार पायांची ताकद आणि प्रत्यक्षात दोघांचंच काम. दोन पायवालीचा तोटा एवढाच की बेसच्या पुढच्या टोकावर खूप दाब येतो, फ्लोअर मऊ असेल तर नाक रुतवून बसते, मग तिला उचलायला बेस लिफ्ट लागतो.

आता मूळ मुद्दा, सेटिंग. शील्डच्या कागदावर मोठ्या अक्षरात यील्ड लोड लिहिलेला असतो आणि खरेदी करणारे तोच बघतात. पण यील्ड लोड म्हणजे छताने शील्डला किती दाबलं तर ती नमेल तो आकडा. सेटिंग लोड म्हणजे शील्डने स्वतःहून छताला किती दाबलं. छताचे थर एकमेकांपासून सुटायच्या आधीच त्यांना आवळून धरतो तो हा दुसरा आकडा. ४०० मिलिमीटर बोअरचा पाय घ्या. पंपाचा दाब ३१५ बार असेल तर एका पायाला सुमारे ४०० टन सेटिंग मिळतं. तोच दाब फेसवर पोचेपर्यंत २५० बार झाला, कुठे होज गळतोय, कुठे फिल्टर चोंदलाय, कुठे ऑपरेटरने लिव्हर लवकर सोडला, तर मिळतात ३२० टन. पायाला ८० गेले, शील्डला १६०, आणि १५० शील्डचा फेस असेल तर २४,००० टन गायब. कुणाला दिसत नाही, अलार्म वाजत नाही, छत फक्त रोज थोडं जास्त खाली येतं आणि मग एक दिवस सगळे म्हणतात जिऑलॉजी खराब आहे. जिऑलॉजी बिचारी गप्प असते म्हणून तिच्यावर ढकलणं सोपं. म्हणूनच आताच्या इलेक्ट्रो-हायड्रॉलिक कंट्रोलमध्ये गॅरंटीड सेट असतं, दाब ठरलेल्या आकड्याला पोचेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि नंतर उतरला तर परत भरतो. आणि हो, त्या पाइपांतून जातं ते तेल नाही, ९५ टक्क्यांच्या वर पाणीच, थोडं विरघळणारं तेल मिसळलेलं, आगीचा धोका नको म्हणून.

लेग प्रेशरचा ग्राफ वाचायला शिकलं की छताशी बोलल्यासारखं आहे. लावल्यापासून दाब हळूहळू चढतोय आणि पुढच्या चकतीला उतरतोय, ठीक. चढून यील्डला टेकतोय आणि करवतीसारखे दाते येतायत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करतोय, वजन येतंय. लावल्यावर सरळ खाली घसरतोय, पाय गळतोय. आणि लावला तेवढाच सपाट राहिला तर बघायला जा, वर बहुतेक कोळशाच्या चुऱ्याची गादी आहे किंवा पोकळी आहे.

आता ते हजार टनांचं उत्तर. वर जाड, चिवट वाळूखडक असेल तर तो मागे लगेच पडत नाही, गोफवर लटकत राहतो, २० मीटर, ३० मीटर, कधी जास्त. फेस जितका पुढे तितका हा लटकणारा तुकडा लांब आणि त्याचा सगळा मोर्चा पुढे, फेसकडे. पॅनल, म्हणजे दोन गेट रोडमधला कोळशाचा पट्टा, काढायला सुरू झाल्यावर हा पहिल्यांदा मोडतो तो मेन फॉल, सगळे श्वास रोखून वाट बघतात. त्यानंतर ठराविक अंतराने मोडत जातो, ते पिरियॉडिक वेटिंग. त्या दिवशी अर्धा फेस यील्डला असतो, कोळसा समोरून उडतो, आवाज येतात. शील्डची ताकद ठरवायची ती या दिवसासाठी, रोजच्या २६० टनांसाठी नाही.

आणि कधीकधी तीही पुरत नाही. आताच्या छत्तीसगढमधल्या चरचा खाणीत १९९० मध्ये ६८० टनी चॉक-शील्ड असलेला फेस बसला. वर डोलेराइटचा कठीण सिल, म्हणजे थरांमध्ये आडवा घुसलेला अग्निजन्य खडक, होता, तो लटकून राहिला आणि मोडला तेव्हा एकदम मोडला. हळू येणारा भार आणि धाडकन येणारा भार यात फरक असा की यील्ड व्हॉल्व्हला पाणी बाहेर टाकायला वेळ लागतो, तेवढा वेळच मिळाला नाही तर पायात दाब ठरलेल्या आकड्याच्या कितीतरी वर जातो, सिलिंडर फुगतात, पिना तुटतात. अशा ठिकाणी मोठ्या फ्लोचे रॅपिड यील्ड व्हॉल्व्ह लावतात ते या एका क्षणासाठी. पण नुसती शील्ड मोठी करत जाणं हे माझ्या मते अर्धंच उत्तर. छत पाडायची सोय आधी करावी, ब्लास्टिंग करून किंवा खडकात पाण्याने चिरा पाडून. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मूनी खाणीत ९० च्या दशकाच्या शेवटी हेच केलं, तिथे वरचा काँग्लोमरेट (गोट्यांचा घट्ट खडक) एकदम पडून गोफमधली हवा फेसवर वादळासारखी यायची, माणसं फेकली जायची, मग हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग करून माणसं बाजूला असताना, आपल्याला पाहिजे तेव्हा छत पाडायला लागले. मला हा उपाय कुठल्याही मोठ्या शील्डपेक्षा हुशारीचा वाटतो. चीनच्या शांगवान खाणीत २०१८ मध्ये ८.८ मीटर उंचीचा फेस सुरू झाला, त्यातल्या शील्ड २६,००० किलोन्यूटनच्या, म्हणजे साडेसव्वीसशे टन. अभियांत्रिकी म्हणून टोपी काढावी अशी गोष्ट आहे. पण तेवढ्या उंचीवर दुसरा मार्गच नव्हता, तीन मीटरच्या फेसवाल्यांनी तो आकडा बघून हुरळून जाऊ नये.

गेट रोडबद्दल लोक कमीच बोलतात, म्हणून थोडं. तिथे शील्ड नसतात, रेझिनचे रूफ बोल्ट, जाळी, पट्ट्या, आणि वरच्या भक्कम थरापर्यंत जाणारे सहा-आठ मीटरचे केबल बोल्ट. फेसच्या पुढे भाराची एक लाट चालत येते, तिच्या आधी उभे प्रॉप लावून तयार राहावं लागतं. टेलगेटची, म्हणजे दोनपैकी आधी काढलेल्या शेजारच्या पॅनलकडच्या गेट रोडची, अवस्था वाईट कारण त्याने ही लाट शेजारच्या पॅनलच्या वेळी एकदा झेललेली असते, आता दुसऱ्यांदा. तिथे लाकडी चॉक किंवा स्टीलच्या पिंपात हलकं काँक्रीट भरलेले खांब लावतात, जे फूट-दीड फूट चेपले तरी उभे राहतात. टेलगेट बसला तर उत्पादन चालू राहतं, म्हणून दुर्लक्ष होतं. अमेरिकेत युटाच्या विल्बर्ग खाणीत डिसेंबर १९८४ मध्ये आग लागली तेव्हा टेलगेटचा रस्ता छत पडून बंद होता, २७ जण गेले. तो रस्ता हवेसाठी असतो आणि पळायसाठीही.

पॅनल संपलं की शेवटचा आणि मला वाटतं सगळ्यात कमी कौतुकाचा भाग, सॅल्व्हेज. शील्ड बाहेर काढायच्या. शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये छतावर जाळी सोडत यायचं, स्टीलचे दोर टाकायचे, शेवटच्या चकत्यांना फेसवर बोल्ट मारायचे म्हणजे शील्ड फिरवायला जागा होते. मग टोकापासून एकेक शील्ड खाली करून, वळवून, ओढून न्यायची. जिची जागा रिकामी झाली तिथे छत पडणार, म्हणून दोन-तीन शील्ड आडव्या उभ्या करून ठेवतात, त्या मागे मागे सरकत जातात आणि उरलेल्यांना पडत्या छतापासून आड देतात. म्हणजे तेच जुनं प्रॉप काढायचं काम, फक्त प्रॉप आता तीस-चाळीस टनांचा.

बाहेर आल्यावर घाई असते, पुढचं पॅनल वाट बघत असतं, आणि नेमकी इथेच पायांची टेस्टिंग कापली जाते. रंग मारून, होज बदलून पाठवून देतात. मी सांगेन रंग नका मारू, प्रत्येक पाय दाब भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी गेज बघा. गळणाऱ्या शील्ड विखुरलेल्या असतील तर चालून जातं, पण एका रांगेत पाच आल्या तर छत तिथेच मोडायला बसणार. निदान त्या वेगवेगळ्या जागी तरी लावा.